मधुकरच्या गोष्टीतून मी गाळलेलं वाक्य

बातमी आली तेव्हा माइक माझ्या हातात होता. केनवडला एका मुख्याध्यापकांचा निवृत्ती समारंभ होता आणि सूत्रसंचालनाला, अर्थातच, मी. पोटापाण्यासाठी वाशिमजवळच्या गावात वडिलोपार्जित कापडाचं दुकान आणि जिवासाठी हा माइक, असं माझं गेल्या पंचवीस वर्षांचं आयुष्य. आमच्या भागात कुठं नारळ फुटला आणि मी तिथं बोलायला नाही, असं सहसा होत नाही. सूत्रसंचालकाच्या हातात कार्यक्रमभर चिठ्ठ्या येत असतात... अमक्यांचं स्वागत राहिलं, तमक्यांचं नाव आधी घ्या, पांढऱ्या गाडीवाल्यांनी गाडी बाजूला घ्यावी. चिठ्ठी न वाचताच वाक्य सुरू करायचं आणि ते संपेपर्यंत ती वाचून टाकायची, ही माझी जुनी मिजास. त्या दिवशीही मी तेच केलं. "आणि मित्रहो, आत्ताच हाती आलेली एक अत्यंत आनंदाची..." एवढं म्हणून मी घडी उघडली. आत लिहिलं होतं : मधुकर गेला. घरी या.

भरलेला मंडप आनंदाची बातमी ऐकायला मान वर करून बसला होता. पुढं मी काय बोललो ते मला आठवत नाही. नंतर कुणीतरी सांगितलं, की मी मुख्याध्यापकांच्या अक्षराचं फार कौतुक केलं. त्यांचं अक्षर मी कधी पाहिलेलं नाही.

या गोष्टीला आता सात आठवडे झाले. मधुकर आणि मी पाचवीपासून एका बाकावर बसलो. त्याचे वडील रेल्वेत गँगमन होते, माझे दुकानदार. आठवीच्या स्नेहसंमेलनात मी राजा झालो होतो. लांबलचक भाषणाच्या ऐन मध्यात माइक बंद पडला. मी नुसतं तोंड हलवतोय आणि समोर सगळं गाव हसतंय. मधुकर स्टेजच्या फळ्यांखाली सरपटत शिरला, कुठली तरी तुटलेली तार त्यानं दातांनी सोलली आणि जोडून हातात धरून ठेवली. माझं भाषण संपेपर्यंत तो तसाच पडून होता. बाहेर आला तेव्हा केसांत कोळिष्टकं आणि तोंडभर हसू. मला म्हणाला, "आवाज माहा, अन् टाळ्या तुह्या!" पुढं त्यानं स्टेशनच्या रस्त्यावर रेडिओ, टीव्ही आणि माइकसेट दुरुस्तीचं दुकान टाकलं, पण आमची ही वाटणी शेवटपर्यंत तशीच राहिली. मी वर बोलायचो, तो खाली बसून ते ऐकू जाईल याची काळजी घ्यायचा. मोजकं बोलायचा, आणि तेही असं, की माझ्या तासाभराच्या भाषणाची हवा जावी. एकदा मी एका आमंत्रिताची ओळख करून देताना जरा जास्तच पेटलो, तर खालून शांतपणे म्हणाला, "शेट, मानूस अजून जित्ता हाय."

गेल्याच्या गेल्या वर्षी त्याला ताप येऊन खोकला लागला आणि तो जाईना. वाशिमला फोटो काढला, तर उजव्या फुप्फुसात सुपारीएवढी गाठ. पुढं नागपूरला गेलो, तिथं तुकडा काढून तपासला आणि जे व्हायला नको होतं तेच निघालं. विडी त्यानं मुलीच्या, प्रज्ञाच्या, बारावीच्या वर्षी सोडली होती, पण तोवर फुप्फुसं पिचली होती. छाती उघडून ऑपरेशन करणं त्याला झेपणार नाही, असं मोठ्या सर्जनांनी सांगितलं आणि आम्हाला त्याच दवाखान्यातल्या दुसऱ्या एका डॉक्टरांकडे पाठवलं. हे वयानं तरुण होते. स्कॅनवर बघत बघत सुईनं उपचार करणारे. त्यांनी समजावून सांगितलं, की छातीच्या बाहेरून एक लांब सुई घालायची, ती गाठीच्या मधोमध न्यायची आणि मग तिचं टोक तापवायचं. गाठ आतल्या आत भाजून निघते. मोठी चिरफाड नाही.

मी घाबरून मधुकरच्या बायकोकडे बघत होतो. शीलावहिनी पदराचं टोक पिळत बसल्या होत्या. मधुकर मात्र खुर्चीत पुढं सरकला होता.

"साहेब, दांडी थंडी कशी ठेवता? कातडी जळन ना."

डॉक्टर चमकले. "दांडीतून गार पाणी फिरतं."

"अन् टोक किती येळ लावता? जास्त लावलं तं आजूबाजूचं खराब होईन. कमी लावलं तं धरन नाही."

"अगदी बरोबर. त्याचंच सगळं गणित असतं."

"मंजे आपला धंदा एकच हाय साहेब," मधुकर म्हणाला. "मी चाळीस वर्षं हेच करून राह्यलो."

मग डॉक्टरांनी त्याला स्वतः उठून ती सुई दाखवली आणि दोघं सोल्डरिंग करणाऱ्या दोन मिस्त्र्यांसारखे बोलत बसले. त्यातच डॉक्टरांनी ते सांगितलं. गाठीच्या एका कडेला मोठी रक्तवाहिनी होती. वाहतं रक्त उष्णता आपल्याबरोबर घेऊन जातं, त्यामुळे त्या कडेला एखादा कण न जळता राहू शकतो. म्हणून महिन्यानं एक स्कॅन आणि तीन महिन्यांनी दुसरा. "तीन महिन्यांचा चुकवू नका," ते म्हणाले. "काही उरलं असेल, तर ते लहान असतानाच पुन्हा सुई मारता येते."

परतीच्या बसमध्ये मधुकरनं मला याचा अर्थ सांगितला. "जाड तारंले टाका मारला का गर्मी तारंतून पयून जाते, शेट. टाका वरून चकचक दिसते, पन आत धरलाच नसते. दोन महिने रेडिओ मस्त वाजते, अन् मंग एक दिवस..."

"मंग काय?"

"मंग तो पुन्ना माह्याकडे येते."

हे मी इतकं सविस्तर लिहितोय याचं कारण आहे. त्याला सगळं समजलं होतं. त्यानं मलाही समजावलं होतं. आम्हाला कुणी सांगितलंच नाही, असं म्हणायला मला जागा नाही.

सुईचा दिवस ठीक गेला. फुप्फुसातून थोडी हवा गळाली म्हणून छातीत एक नळी ठेवावी लागली, तिला मधुकरनं लगेच 'पंक्चर' नाव दिलं. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आला. महिन्यानंतरचा स्कॅन डॉक्टरांच्या मनासारखा आला. आणि मग, वाचकहो, मी कामाला लागलो.

अशी गोष्ट माझ्यासारख्या माणसाच्या हाती लागणं म्हणजे काय, ते मी कबूल करतो. मी ती पहिल्यांदा माझ्या दुकानात सांगितली. कापड मोजायचा लोखंडी गज मी सुई केला आणि गिऱ्हाईक म्हणून आलेल्या एका दांडग्या पाटलांना पेशंट. गज त्यांच्या बरगड्यांपाशी नेऊन मी श्वास रोखला, दुकानातल्या सगळ्यांनी रोखला, आणि मग "चर्रर्र!" पाटील खरंच ओरडले. लोक हसून हसून गाद्यांवर पडले, आणि हसता हसता दोघातिघांनी डोळे पुसले, कारण प्रत्येकाच्या घरात कुणीतरी या रोगानं गेलेलं होतं आणि इथं एक मिस्त्री त्याला सुईनं जाळून दुकानावर परत येऊन बसला होता. ती गोष्ट मी लग्नांत सांगितली, साखरपुड्यांत सांगितली, स्टेशनवर गाडीला उशीर झाला तर फलाटावर सांगितली. दर वेळी ती जरा चढायची. मधुकर हजर असला तर छातीवर हात ठेवून बसायचा आणि योग्य जागी "अन् मंग?" म्हणायचा. आयुष्यात पहिल्यांदा तो स्टेजच्या खाली नव्हता. मला वाटलं, त्याला ते आवडतंय. आवडत होतंच... पण सुरुवातीला गोष्ट संपली की तो हळूच जोडायचा, "तीन महिन्यानं पुन्ना एक फोटो हाय." आणि ऐकणाऱ्यांचे चेहरे उतरायचे. इतक्या मेहनतीनं वर नेलेली गोष्ट धप्पदिशी खाली यायची. दोनदा असं झाल्यावर मी त्याला म्हणालो, "ते कायले सांगतं रे? मजा जाते." त्यानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग म्हणाला, "बरं." त्यानंतर ते वाक्य त्यानं कधीच उच्चारलं नाही.

मग आला सत्कार. आमच्याकडे माणसाला पुरस्कार मिळो, निवडून येवो की अपघातातून वाचो, त्याला शाल आणि नारळ दिल्याशिवाय ती गोष्ट पक्की झाली असं कुणाला वाटत नाही. गावातल्या मित्रमंडळानं 'कर्करोगावर मात केल्याबद्दल' मधुकरचा जाहीर सत्कार ठरवला. कल्पना कुणाची होती, हे मी सांगायला नको. मानपत्र मी लिहिलं. प्रमुख पाहुण्यांनी जी तारीख दिली ती नेमकी नागपूरच्या स्कॅनची होती. मधुकर माझ्या दुकानात आला आणि गादीच्या कडेवर टेकला.

"त्या दिवशी फोटो हाय, शेट."

"आठ दिवसांनी जाऊ ना. दोघंबी जाऊ. आठ दिवसांत काय बिघडते?"

"जाड तार हाय तिथं."

"अरे, डॉक्टर लोकाईले तसं बोलाची सवयच असते. तू तं घोड्यासारखा हिंडून राह्यला!"

तो उठला. जाता जाता वळून म्हणाला, "शाल उनाची आनू नोको, मले खाजते." मी हसलो. विषय संपला होता.

सत्काराला शाळेचं पटांगण भरलं होतं. किन्हीराजापासून लोक आले होते, काही जण आपापल्या घरच्या पेशंटचे कागद पिशवीत घेऊन. मी त्या दिवशी असा काही बोललो, की तसा नंतर कधी बोललो नाही. शाल झाली, नारळ झाला, मानपत्र झालं. मग मी मधुकरला दोन शब्द बोलायची विनंती केली. त्यानं माइक हातात घेतला, सवयीनं आधी त्यावर टिचकी मारून पाहिली आणि म्हणाला, "मी काईच केलं नाही. मी तं निजलो होतो." प्रचंड हशा. तो थांबला. लोक शांत झाले. "पन एक सांगाचं हाय," तो म्हणाला. "अजून एक तपासनी..." आणि पुन्हा थांबला, शब्द शोधत. मोकळी जागा दिसली की भरून काढायची, हा सूत्रसंचालकाचा हात असतो. तो मेंदूला विचारत नाही. मी दुसऱ्या माइकवरून पुढं झालो आणि गर्जलो, "तपासणी! मित्रहो, यमराजानंच ज्याची तपासणी करून परत पाठवलं, त्या आमच्या मधुकरसाठी जोरदार टाळ्या!" टाळ्या अशा पडल्या, की बाजूच्या निंबावरचे पक्षी उडाले. मधुकरनं माइक खाली ठेवला आणि हात जोडले.

त्या टाळ्या मला आता सहन होत नाहीत. कुठंही पडल्या तरी.

आठ दिवसांनी आम्ही नागपूरला गेलो नाही. सोयाबीनचा हंगाम लागला, बाजारात गर्दी झाली, माझं दुकान दिवाळीनं भरलं. मी "पुढच्या सोमवारी" म्हणायचो, तो "बरं" म्हणायचा. नंतर मी म्हणायचंही विसरलो. आता विचार करतो तेव्हा ध्यानात येतं, की सत्कारानंतर त्याला जाणंही अवघड झालं होतं. आमच्या गावात बसस्टँडवर उभं राहिलं की दहा जण विचारतात, कुठं चालले. बरं झाल्याची शाल पांघरलेला माणूस परत दवाखान्यात चाललोय, असं कोणत्या तोंडानं सांगेल? संध्याकाळी गावभर झालं असतं. सत्काराला जे कागद घेऊन आले होते, त्यांनी त्याच्या भरवशावर आपल्या माणसांना नागपूरला नेलं होतं. हिवाळ्यात तो बारीक दिसायला लागला, तर मी म्हणालो, "बाप्पा, वहिनी उपाशी ठेवतात का रे?" तो हसला, आणि हसताना त्याला खोकला आला, आणि तो पाठ फिरवून कपाटात काहीतरी शोधायला लागला. मी तेव्हा त्याला कुठल्या तरी नव्या पाहुण्याची नक्कल करून दाखवत होतो. नक्कल पुरी केली.

शेवटी प्रज्ञा अमरावतीहून आली आणि त्याला जवळजवळ ओढून घेऊन गेली. ठरल्या दिवसाला तोवर पाच महिने उलटले होते. मीही सोबत होतो. गाठ परत वाढली होती, बरोबर त्या रक्तवाहिनीच्या कडेनं, आणि आता ती तिथंच थांबलेली नव्हती. यकृतातही ठिपके होते. डॉक्टरांनी आवाज चढवला नाही. "तेव्हा आला असतात तर कदाचित पुन्हा एकदा सुई मारता आली असती," एवढंच म्हणाले. कदाचित. या शब्दाला मी गेले कित्येक महिने दोन्ही बाजूंनी उलटून पाहतो आहे. त्याच्यावर सगळा भार टाकता येत नाही आणि त्याच्या आड लपताही येत नाही. मधुकरनं फक्त विचारलं, "कडेलेच ना, साहेब?" डॉक्टरांनी मान हलवली. आपलं निदान बरोबर निघालं याचं एक क्षणभर समाधान त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि ते मी विसरू शकत नाही.

मग औषधं झाली, सलाइन झाली, आणि एकेक करून थांबली. मी रोज दुपारी जाऊन बसायचो. बोलायला काही सुचायचं नाही, म्हणजे कल्पना करा. शेवटच्या आठवड्यात एकदा त्यानं डोळे उघडले, मला पाहिलं आणि बारीक आवाजात विचारलं, "आता माही गोष्ट कशी सांगशीन रे?" डोळ्यांत तोच जुना खोडकरपणा. त्यानं माझ्या मनगटावर बोटं ठेवली. "बोल ना. गप काहून बसला? मी अजून जातो कुठं." दुसऱ्या दिवशी मला केनवडचा कार्यक्रम होता. "जा," तो म्हणाला. "तिथला माइक खराब हाय, तोंडाजवळ धरजो." मी गेलो.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्याच्या श्रद्धांजलीच्या, दिवशी मला कुणीतरी माइक आणून दिला. मी तो घेतला नाही. मंडपाच्या कडेला उभा होतो, तिथं प्रज्ञा आली. लहानपणी ती माझ्या दुकानात गजाचा घोडा करून खेळायची. माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "काका, तुमी लय चांगलं बोलता." बस. आवाजात राग असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. ती गेली आणि शीलावहिनी माझ्याजवळ आल्या. "तिचं मनावर घेऊ नोका भाऊ," त्या म्हणाल्या. मग, जणू मला बरं वाटावं म्हणून, त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. खोकला संक्रांतीच्या आधीच सुरू झाला होता. वहिनी रोज मागे लागायच्या, निदान शेटभाऊंना तरी सांगा, ते गाडी करून नेतील. "तं थे म्हनत, शेटले नोको सांगू. एवढी मस्त गोष्ट जमली हाय त्याची, खराब होईन."

मी घरी आलो. रडलो, आणि रडताना माझ्या लक्षात आलं की मला रडणंही चांगलं जमतं. चार लोकांसमोर छाती बडवून 'मीच अपराधी' म्हणालो असतो, तर तोही एक प्रयोग रंगला असता. म्हणून मागच्या आठवड्यापर्यंत मी कुणापाशी काही बोललो नाही. आज पहिल्यांदा लिहितोय, ते लिहिताना टाळ्या ऐकू येत नाहीत म्हणून.

मागच्या आठवड्यात मी स्टेशनच्या रस्त्यावरून चाललो होतो, तर दुकान उघडं दिसलं. वहिनी मधुकरच्या जागी बसल्या होत्या. तीस वर्षं त्याच्या शेजारी बसून पाहिल्यानं वायर बदलणं, टाका मारणं त्यांना जमतं, हे मला माहीत नव्हतं. फळीवर एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचा रेडिओ वाजत होता. "झाला दुरुस्त?" मी विचारलं. "सकाळीच झाला. पन थे पूर्ण दिवस वाजवल्याबिगर कोनाले देत नसत. उद्या नेईन थो," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे स्टूल सरकवलं.

मी बसतोय तोच चाळिशीतली एक बाई पिशवी सांभाळत आत आली. किन्हीराजाची. सत्काराला आली होती, म्हणून इथं विचारत विचारत पोचली. मधुकर गेल्याचं तिला रस्त्यातच कळलं होतं. तिच्या वडिलांना तशीच गाठ निघाली होती, त्यांनाही ऑपरेशन झेपणार नव्हतं आणि नागपूरच्या डॉक्टरांनी सुईचं सांगितलं होतं. घरात दोन तट पडले होते. भाऊ म्हणत होता, तो मिस्त्री तर मेला, कशाला न्यायचं. तिनं मला ओळखलं. "तुमीच बोलले होते ना त्या दिवशी? मंग खरं काय हाय? न्यावं का नाही?"

मी तोंड उघडलं आणि सवयीनं माझा हात हवेत उठला, सुई धरल्यासारखा. तो मी खाली घेतला, मांडीवर ठेवला. "न्या," मी म्हणालो. "पन त्या दिवशी मी अर्धीच गोष्ट सांगतली होती."

"अर्धी काहून?"

वहिनींनी हातातली वायर बाजूला ठेवली. "आता पुरी सांगा भाऊ," त्या म्हणाल्या. "तारखेसकट."

मी सांगायला लागलो. गाठीच्या कडेची रक्तवाहिनी, तीन महिन्यांनंतरचा फोटो, शाल, टाळ्या, सगळं. वाईट सांगत होतो, अडखळत, मागेपुढे करत, आणि बाई एकदाही हसली नाही. मध्येच तिनं पिशवीतून पेन काढून वडिलांच्या कागदावर मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहून घेतलं. तिला नीट ऐकू यावं म्हणून वहिनींनी मागे हात नेऊन रेडिओचा आवाज बारीक केला. बंद केला नाही.